जुनी जाळी घ्यायला बंदरावर कोणीतरी बसवा की

मा. संपादक,
स. न.

पुण्याला समुद्र नाही, मग या माणसाला मध्येच काय झालं असं वाटेल, पण पत्र लिहायचं कारण सध्या आमच्या गच्चीवर पडलंय आणि त्याला वास येतोय.

झालं असं की मागच्या महिन्यात लाँग वीकेंडला नेहमीसारखं ताम्हिणीतून कोकणात उतरलो, दापोलीच्या बाजूला एका गावात (नाव लिहीत नाही, गावातली माणसं चांगली आहेत), सकाळी किनाऱ्यावर फिरताना वाळूतून हिरवी दोरी बाहेर आलेली दिसली. मुलाने सहज ओढली तर ती संपेचना, चार जण लागलो तेव्हा अख्खं जाळं बाहेर आलं. त्यात सात-आठ खेकडे, दोन अजून जिवंत, बाकी नुसती कवचं आणि माशांचे काटे. होमस्टेवाल्या काकूंकडून विळी आणली आणि ते दोन खेकडे सोडवायला पाऊण तास गेला. धागा म्हणजे आपला तंगूस, पाण्यात दिसत नाही आणि हाताने तुटत नाही. संक्रांतीला ज्या नायलॉन मांजाच्या नावाने आपण सगळे पुणेकर (योग्यच) ओरडतो त्याचाच हा भाऊ, फरक एवढाच की मांजात अडकलेली घार झाडावर लटकलेली दिसते, पाण्याखाली काय चाललंय ते कोणाला दिसत नाही.

तिथले एक म्हातारे कोळी काका बघत उभे होते. ते म्हणाले आमच्या वडलांच्या वेळी सुती जाळी असायची, झाडाची साल उकळून त्या पाण्यात बुडवायची म्हणजे टिकायची, तरी हरवलं तर काही महिन्यांत कुजून जायचं, हे मरतच नाही. खरंच मरत नाही. मालक नसला तरी जाळं मासे धरत राहतं, अडकलेला मासा मेला की तो खायला खेकडे येतात, तेही अडकतात, मग त्यांना खायला आणखी कोणी. इंग्रजीत याला घोस्ट नेट म्हणतात, म्हणजे भूत. कोकणात भुतांची कमी नव्हतीच. कासवाचं तर आणखी वाईट, त्याला श्वास घ्यायला वर यावंच लागतं, जाळ्यात गुंतलं की बुडून मरतं, आणि सुटलंच तर दोरी काचून पुढचा पाय जातो. आपण वेळास-आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला गाड्या भरून जातो, रील करतो, पण ती पिल्लं पुढे याच पाण्यात पोहणार असतात. आणि आपण प्लास्टिकचा स्ट्रॉ सोडला म्हणून खूश! २०१८ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या त्या मोठ्या कचऱ्याच्या पट्ट्याचा अभ्यास झाला तर वजनाने ४६ टक्के नुसती मासेमारीची जाळी निघाली.

आता यावर लगेच मच्छीमारांना शिव्या देऊ नका. जाळं काही स्वस्त नसतं, मुद्दाम कोण टाकेल? वादळात दोर तुटतो, खडकाला अडकतं, रात्री ट्रॉलर (मागे मोठं जाळं ओढत जाणारी बोट) वरून गेला की लावलेलं जाळं कापून नेतो. फाटकं जाळं समुद्रात टाकून देणारेही असतात, नाही म्हणत नाही, जहाजांवरून होणारं प्रदूषण रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय मारपोल करारानुसार त्याला बंदी आहे, पण काका म्हणाले तेच मलाही विचारायचंय, की फाटकं जाळं किनाऱ्यावर आणून द्यायचं कोणाला?

पैसे दिले की माणसं करतात हे आपल्याच राज्यात दिसलंय. डिसेंबर २०१८ पासून योजना आहे, जाळ्यात कासव किंवा व्हेल शार्क असा संरक्षित प्राणी सापडला आणि जाळं कापून त्याला सोडलं, फोटो-व्हिडिओ दिला, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. मच्छीमारांनी कासवं, व्हेल शार्क सोडलेत त्यामुळे. मग जिवंत प्राण्यासाठी कापलेल्या जाळ्याचे पैसे मिळतात तर किनाऱ्यावर आणून दिलेल्या मेलेल्या जाळ्याचे किलोवर का नकोत? केरळात कोल्लमजवळ नींडकरा बंदरावर २०१७ पासून बोटवाले जाळ्यात आलेलं प्लास्टिक परत आणायला लागले, ते बारीक करून रस्त्याच्या डांबरात गेलं. आपल्याकडे हर्णै, मिरकरवाडा, ससून डॉक या बंदरांवर एक वजनकाटा आणि एक माणूस बसवायला काय लागतं? नायलॉनचं जाळं वेगळं, ट्रॉलचं जाडं प्लास्टिकचं वेगळं असं ठेवलं तर भंगारातही किंमत येईल. १ जूनपासून पावसाळी बंदी लागते, सगळे घरी बसून जाळी विणत-सांधत असतात, गोळा करायला तेच दिवस बरे. आणि खोल पाण्यात खडकाला अडकलेल्या जाळ्यांसाठी मालवण-तारकर्लीच्या डायव्हर पोरांना काम द्या, पण ती कापूनच काढायला हवीत, बोटीने ओढली तर खडकावरचं प्रवाळ सोबत येतं.

आम्ही वीकेंडवाले मात्र टीशर्ट घालून बाटल्या गोळा करतो, ढिगापुढे फोटो काढतो आणि निघतो. ढीग तिथेच. मी तेच करणार होतो, पण त्या दिवशी भरती येत होती आणि गावातली कचऱ्याची गाडी म्हणाली जाळी घेत नाही, म्हणून गोणीत भरून डिकीत टाकून आणलं. घाटभर बायको नाकाला ओढणी लावून बसली होती. इथे भंगारवाल्याने हात लावून परत ठेवलं, सोसायटीच्या सुक्या कचऱ्यात टाकलं तर सेक्रेटरी वर घेऊन आले. साधारण अकरा किलो आहे. पुण्यात कोणी घेत असेल तर सांगा, पोचवायला मी येतो.

– एक वाचक, कोथरूड, पुणे