जू तडकलं, भो

अमळनेर, मे महिना

प्रिय भो,

दोन दिवाळ्या झाल्या, तुला एक ओळ लिहिली नाही. चुकलंच माझं. तब्येत ठीक, गुडघा होता तसाच.

मायच्या ओव्यांच्या पुस्तकात छापायला कोरलेला बैलजोडीचा लाकडी ठोकळा तडकला. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणेल, लाकूडच ते, दुसरं घे. म्हणून तुला लिहितोय.

शिवणीच्या लाकडाची फळी होती. सागावर पटाशी लवकर बोथट होते म्हणून शिवण घेतली. सुताराने मुरलेली म्हणून दिली, पण आत ओल होती. ह्या उन्हाने ती ओढून घेतली आणि भेग कडेपासून नसेनस धावत आली. सात ठोकळे धड आहेत, हाच गेला. गेलं तेही नेमकं दोन बैलांच्या मधलं जू.

द्युफी ह्या फ्रेंच चित्रकाराच्या लाकडी छापांच्या तू मुंबईहून आणलेल्या झेरॉक्स अजून माझ्याकडे आहेत. अपोलिनेर ह्या कवीच्या प्राण्यांवरच्या चार-पाच ओळींच्या कविता, वर काळ्याभोर पानाफुलांतून बाहेर येणारा एकेक प्राणी. १९११ साली मोजून १२० प्रती काढल्या होत्या. आपलं भांडण आठवतं? मी म्हणायचो, काळा कमी कर, चित्र गुदमरतं. तू म्हणायचास, खिळ्यांचा, म्हणजे छपाईच्या अक्षरांचा, काळा आणि लाकडाचा काळा एका वजनाचे हवेत, तरच चित्र पुस्तकातलं होतं, नाहीतर ते वर चिकटवलेलं राहतं. वीस वर्षांनी ट्रेडल छापयंत्रावर पहिलं प्रूफ ओढलं तेव्हा पटलं. ठोकळा खिळ्यांच्या उंचीला, साधारण २३ मिलिमीटरवर, बसवला. ओव्या आणि बैल एकाच दाबात उतरले. तू बरोबर होतास.

आणि उलटं कोरायचंही विसरलो नाही. तू 'माय' सुलटं कोरलंस, ते छापून उलटं आलं, आणि माय म्हणाली होती आरसा आणा, वाचते! मी पवळ्या बैलाला लाकडावर उजवीकडे ठेवला, म्हणजे कागदावर तो त्याच्या डाव्या बाजूलाच येईल. बाजू बदलली तर मायने पुस्तक हातात धरलं नसतं.

तडकल्यानंतरचं प्रूफ काल तिला दाखवलं. नजर आता फार कमी झालीय. कागद नाकाशी नेला, मग ठोकळाच मागितला आणि भेगेवरून बोट फिरवलं. म्हणाली, "जोडी तुटनी का रे?" मला उत्तर सुचेना. रात्रभर तेच.

काय करू? सरस भरून दाबून बसवला तर बारीक पांढरी रेघ तरीही उमटणार. नवा कोरला तर पोळा येईल, आणि पवळ्याच्या मानेची ती वळी पुन्हा तशी उतरेल याची खात्री नाही. का भेगेसकट छापू? तू असतास तर छाप म्हणाला असतास, पण माय तुझी आहे.

घराचे हप्ते सुरू झाले का? पोरीला दहावीच्या शुभेच्छा. वहिनींना नमस्कार.

दोन्ही प्रुफं सोबत आहेत. दुसऱ्याची शाई अजून ओली आहे, मधे कोरा कागद घातलाय, तो जपून काढ. बघितलंस की फोन कर, आणि मला नाही, मायला कर.

तुझा,
आबा