पेटीच्या पट्ट्यांचा स्कार्फ : मनःपूर्वक आभार

आमच्या गाण्याच्या बाईंना वाढदिवसाची भेट म्हणून पेटीच्या (हार्मोनियमच्या) पट्ट्यांची नक्षी असलेला क्रोशाचा स्कार्फ माझ्या हातून पूर्ण झाला. त्यात ज्यांचा वाटा आहे त्यांची नावेही मला ठाऊक नाहीत, म्हणून हे जाहीर आभार.

लोकरीच्या दुकानातील काकांनी काळा धागा ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून, रंग सुटत नाही याची खात्री करूनच तो दिला. तिथेच भेटलेल्या एका आजींनी उभ्याउभ्या रंग बदलण्याची रीत दाखवली : मुक्या खांबाचा (क्रोशाच्या एका साध्या टाक्याचा) शेवटचा वेढा नव्या रंगाच्या धाग्याने काढायचा आणि न लागणारा धागा टाक्यांच्या आतून पुढे न्यायचा, म्हणजे पट्टीची कड स्वच्छ येते आणि मागे धागे लोंबत नाहीत. आजी, तुमचे ऋण मोठे आहे.

पेटी दुरुस्त करणाऱ्या कारागिरांनी हातातले काम थांबवून मला पट्ट्यांचा आराखडा कागदावर उतरवून घेऊ दिला. सप्तकात 7 पांढऱ्या आणि 5 काळ्या पट्ट्या असतात हे गाणे शिकणारे सारेच जाणतात. पण काळ्या पट्ट्यांची 2 आणि 3 अशी विभागणी बिघडली, तर जाणकाराला ती पेटी वाटतच नाही, हे त्यांनी आवर्जून बजावले. बाई काळी चारमध्ये, म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी सा धरून गातात, तेव्हा तेवढी पट्टी किरमिजी रंगात विणावी, ही सुंदर सूचनाही त्यांचीच. स्कार्फ हाती घेताच बाईंनी प्रथम तीच ओळखली.