जिना बाहेरून

अमळनेर,
दि. 12 मे

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

आईचे गुडघे पूर्वीसारखेच दुखतात आणि माझी साखर गोळीने आटोक्यात आहे; प्रकृतीचे एवढे पुरे.

काल दादाने नव्या घराचा नकाशा ओट्यावर पसरून दाखवला. दिवाळीनंतर जुने घर पाडायचे हे ठरलेलेच होते आणि त्याला माझा विरोध नाही. धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, दरवर्षी खारी माती टाकायला आता माणूस मिळत नाही, छताखालच्या लाकडी किलचनाला वाळवी लागली आहे आणि गेल्या श्रावणात माजघरात जागोजागी पातेली मांडावी लागली. माझे मन अडकले आहे ते नकाशातल्या जिन्यात. तो बाहेरून आहे. खाली आई आणि दादा-वहिनी, वर आम्ही. फाटकातून आत शिरले की उजव्या हाताला पायऱ्या आणि वरच्या मजल्याला वेगळे दार, वेगळे मीटर, वेगळे स्वयंपाकघर. मी कारण विचारले तेव्हा इंजिनिअर सहज म्हणाला, "पुढेमागे वेगळे व्हायचे झाले तर सोयीचे पडते, काका. हल्ली सगळे असेच बांधतात." दादा काहीच बोलला नाही.

तुलाच हे का लिहितो आहे, ते तुला सांगायला नको. तुमच्या घरी आधी भांडण झाले आणि मग चौकात भिंत उठली. आमच्याकडे भांडण नाही, अबोला नाही, आणि भिंतीची तजवीज मात्र आधीच झाली आहे.

रात्रभर विचार करताना लक्षात आले की आम्हाला एकत्र ठेवण्याचे निम्मे काम त्या घराने केले. ओसरीवरून परसदारी जायचे तर माजघरातूनच जावे लागे आणि माजघरात आई असे. आप्पांशी माझे कितीही वाजले, तरी माठातले पाणी प्यायला त्यांच्यासमोरूनच जावे लागे, आणि संध्याकाळपर्यंत कोणीतरी बोलून जाई. स्वयंपाकघर आणि ओसरी यांच्यामधली ती लहान खिडकी तर तू विसरणे शक्य नाही. तिची खालची फळी ताटल्या सरकवून सरकवून मधोमध गुळगुळीत झाली आहे. मॅट्रिकला गणितात तुझी दांडी उडाली, ते तू मला ओसरीवर कुजबुजत सांगत होतास आणि आईने आतून एक अक्षरही न बोलता कळण्याची भाकरी आणि ठेचा त्या खिडकीतून पुढे केला होता. दुःखात माणसाला इतकी भूक लागते, हे मला त्या दिवशी कळले.

उन्हाळ्याचेही तसेच. पारा पंचेचाळिसापर्यंत गेला तरी त्या जाड मातीच्या भिंतींमुळे माजघर दुपारी थंड राही आणि सारे घर तिथेच आडवे होई. रात्री सगळ्यांच्या वळकट्या धाब्यावर. (तिथला कंदील तूच फोडलास. तू आजही कबूल करत नाहीस आणि मीही सोडणार नाही.) सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती ऊब खाली सोडतो, म्हणून प्रत्येक खोलीत एसी येणार, एसी आला की दार लावावे लागणार, आणि दार लावले की कोण जागे आहे, कोण रडते आहे, हे शेजारच्या खोलीला कळणार नाही.

मात्र वहिनीचे म्हणणे मला खोडून काढता येत नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून तिला कडी लावून बसता येईल अशी जागा नव्हती. ओसरीवर पुरुष बसलेले असले की डोक्यावर पदर घेऊन भिंतीकडेने जावे लागे, आणि जे घर मला मोकळे वाटले तेच तिला पहाऱ्यासारखे वाटले. तिला स्वतःची खोली मिळालीच पाहिजे, माझ्या बायकोलाही मिळाली पाहिजे. दोन चुली झाल्या तरी मला चालतील. फक्त जिना आतून, बैठकीतून हवा. म्हणजे वर जाता-येता आई दिसेल, आणि मुलांना आजीजवळ थांबायला वेगळे निमित्त शोधावे लागणार नाही. ओट्याच्या जागी गाडी उभी राहणार हे ऐकल्यावर आईने आपण आता कुठे बसायचे एवढेच विचारले, "मंग मी कथा बसू?" त्यावर कोणाजवळही उत्तर नव्हते.

दादाला मी हे बोललो, तर त्याला वाटेल की धाकटा भाऊ संशय घेतो आहे. तुझे तो ऐकतो, आणि त्या भिंतीनंतर तुझ्या घरात काय काय थांबले ते तू त्याला सांगू शकतोस. नकाशा पुढच्या आठवड्यात मंजुरीसाठी नगरपालिकेत जाईल, तेव्हा त्याआधी त्याला फोन कर; रविवारी सकाळी तो घरी असतो. माझे नाव घेतलेस तरी हरकत नाही. शक्य असेल तर ये, नकाशा समोर असला की बोलणे सोपे जाईल.

नाशिकच्या बदलीचे काय झाले? धाकटीचा निकाल लागला की कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिगंबर