वैशालीस: चिनी शिकायला कुठे जावं?

पुणे,
रविवार

प्रिय वैशाली,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. सोबतची शाळांची यादीही वाचली. बेजिंग, शांघाय, हार्बिन, तैपेई, गाओश्युंग, शीआन, सगळी नावं एकाखाली एक, आणि शेवटी तुझा प्रश्न: यातली सगळ्यात चांगली कुठली? याला सरसकट उत्तर नाही गं. पण तुझ्यासाठी कुठली, हे मात्र मी ठामपणे सांगेन. तुला ही भाषा कशासाठी हवी आहे ते मला नीट ठाऊक आहे.

तू अजिंठा-वेरूळची गाइड आहेस. तुझ्या आधीच्या पिढीतल्या गाइडांपैकी काहीजण जपानी शिकले आणि त्यावर त्यांनी संसार उभे केले. आता तुला चिनी भाषेत लेणी दाखवायची आहेत, आणि ही वेळही बरोबर आहे. जुलै २०२५मध्ये आपल्या सरकारने चिनी नागरिकांना पर्यटक व्हिसा पुन्हा द्यायला सुरुवात केली. ऑक्टोबरमध्ये कोलकाता ते ग्वांगझौ थेट विमानही परत सुरू झालं. पण तुझं दुसरं कारण मला जास्त आवडलं. ह्युएन त्संग महाराष्ट्राबद्दल जे लिहून गेला ते तुला मूळ चिनीत वाचायचं आहे. पुलकेशी दुसरा राज्यावर असताना तो आपल्याकडे आला. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत असं त्याने नोंदवलं. डोंगरातल्या ज्या विहाराचं वर्णन त्याने केलंय, तो अजिंठाच असावा असं अभ्यासक मानतात. रोज त्या पायऱ्या चढणाऱ्या बाईला ते त्याच्याच अक्षरांत वाचावंसं वाटणं, याहून चांगलं कारण मला तरी दुसरं दिसत नाही.

म्हणून पहिला निर्णय लिपीचा. चीनमध्ये १९५६पासून सोपी केलेली अक्षरं आली, तैवानमध्ये जुनी पारंपरिक अक्षरंच चालतात. तुझं गिऱ्हाईक दोन्हीकडचं असणार. पण ह्युएन त्संग, बौद्ध ग्रंथ, शिलालेख हे सगळं जुन्या अक्षरांत आहे. माझा अनुभव असा की जुनी आधी शिकली तर सोपी अक्षरं पुढे थोड्या सवयीने वाचता येतात. उलट दिशेने जाणं जड जातं. मी तैवानच्या राजधानीत, तैपेईला शिकले आणि नंतर बेजिंगला एक सत्र केलं. तिथल्या पाट्या, मेनूकार्डं, फॉर्म वाचायला मला त्रास झाला नाही. तेव्हा तुझी सुरुवात तैवानमध्ये व्हावी, यावर मी अडून बसणार आहे.

आता शाळा. यादीत तू प्रत्येक विद्यापीठासमोर त्याचं जागतिक क्रमवारीतलं स्थान लिहिलंयस. ते खोडून टाक. एखाद्या विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग नावाजलेला आहे म्हणून त्याचं भाषा केंद्र चांगलं ठरत नाही. त्या जागी एकच गोष्ट लिही: वर्गात जास्तीत जास्त किती विद्यार्थी? कारण चिनी भाषेत पहिल्या तीन महिन्यांत सूर बसतात किंवा बिघडतात. मराठीत आपण प्रश्न विचारताना, रागावताना, लाडाने बोलताना आवाज वरखाली करतो. तिथे तोच चढउतार शब्दाचा अर्थ ठरवतो. आपली ही सवय मोडायला शेजारी बसून प्रत्येक वाक्याला अडवणारी शिक्षिका लागते. वीस जणांच्या वर्गात तुझ्या वाट्याला तासात दोन-तीन मिनिटं येतात, आणि चुकीचा सूर तसाच पक्का होत जातो. पुढे बोलणं भराभर येऊ लागलं की तो काढणं फार कठीण असतं. पर्यटकांच्या गटासमोर माइकवर बोलणाऱ्या बाईला हे परवडायचं नाही.

म्हणून माझा सल्ला सगळ्यांच्या उलट आहे. लोक सांगतात, आधी स्वस्त शाळेत पाया घाल, मग चांगल्या शाळेत जा. तू पहिल्याच टर्मला पैसे ओत. सगळ्यात लहान वर्ग घे, नाहीतर नेहमीच्या वर्गाला जोडून रोजचा एक तास एकटीने शिकण्याचा घे. सूर बसले की मग मोठ्या वर्गात गेलीस तरी बिघडत नाही.

तैवान राष्ट्रीय विद्यापीठात आयसीएलपी नावाचा अभ्यासक्रम आहे. तिथे एका वर्गात चारपेक्षा जास्त विद्यार्थी घेत नाहीत, शिवाय एकट्याचा तास वेगळा. पुढच्या पायऱ्यांवर जुनी ग्रांथिक चिनीही शिकवतात. शिक्षण कडक, फी तशीच भारी. तू ज्या पातळीवर आहेस तिथून वर्षभर तिथे राहणं खिशाला झेपणार नाही, हे मी आधीच सांगते. तैवान नॉर्मल विद्यापीठाचं मंदारिन प्रशिक्षण केंद्र, ज्याला सगळे शिदा म्हणतात, १९५६पासून चालू आहे. मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर अशा तीन-तीन महिन्यांच्या टर्म. आठवड्याला दहा तासांचा साधा वर्ग किंवा पंधरा तासांचा सघन वर्ग. तू सघनच घे. व्हिसाच्या आणि शिष्यवृत्तीच्या अटींतही पंधरा तास बसतात.

वर्गात तुझ्या आजूबाजूला जपानी विद्यार्थी बरेच असतील. त्यांना अक्षरं लहानपणापासून येतात, त्यामुळे वाचनात ते झपाझप पुढे जातात आणि शिक्षिकाही नकळत त्यांच्या वेगाने चालते. घाबरू नकोस. अक्षरांसाठी घरी रोज वेगळा वेळ काढ. पण उच्चारात तू त्यांच्या पुढे असशील, हे मी खात्रीने सांगते. चिनीत प आणि फ, क आणि ख यांच्यात जो फरक आहे, तो म्हणजे आपला अल्पप्राण-महाप्राण. इंग्रजी बोलणाऱ्यांना तो समजून घ्यायला महिना लागतो. चमचामधला च आणि चहामधला च आपण वेगवेगळा म्हणतो, तोही भेद तिथे आहे. तैवानमधली ध्वनिचिन्हं, ज्यांना बोपोमोफो म्हणतात, ती सदतीस आहेत आणि ओठ, दात, कंठ अशी उच्चारस्थानांप्रमाणे लावलेली आहेत. आपल्या वर्णमालेवर वाढलेल्या माणसाला ती पटकन लागतात. रोमन अक्षरांच्या भानगडीत न पडता सुरुवातीला वहीत देवनागरीत उच्चार लिही, वर सुराची खूण कर. मी तसंच केलं होतं.

गाओश्युंगबद्दल तू वेगळं विचारलंस. दक्षिणेकडचं शहर, हवा आपल्या कोकणासारखी, राहणं तैपेईपेक्षा स्वस्त. वेनझाओ विद्यापीठ भाषांसाठीच ओळखलं जातं. शहराजवळच फो ग्वांग शानचा प्रचंड विहार आहे, १९६७मध्ये स्थापन झालेला. तुझ्या कामाची बौद्ध शब्दसंपदा तिथे रोजच्या बोलण्यात ऐकायला मिळेल. मात्र दक्षिणेत रस्त्यावरच्या बोलण्यात श आणि स यांची सरमिसळ फार होते. कान तयार झाल्यावर ती ऐकावी, त्याआधी नको. म्हणून पहिली टर्म तैपेईत, दुसरी हवी तर गाओश्युंगला.

आणि त्यानंतर शीआन. हे नाव तुझ्या यादीत तळाला होतं, मी ते वर आणलंय. ह्युएन त्संग भारतातून परतला तो याच शहरात, तेव्हाच्या छांगआनमध्ये. त्याने नेलेल्या ग्रंथांसाठी ६५२मध्ये बांधलेला मोठा राजहंस मनोरा आजही उभा आहे. शानशी नॉर्मल विद्यापीठाचा जुना परिसर त्याच भागात आहे, आणि तिथे परदेशी विद्यार्थ्यांना चिनी शिकवतात. बेजिंगचं भाषा आणि संस्कृती विद्यापीठ १९६२चं आहे, नाव मोठं आहे, शिक्षक अनुभवी आहेत. पण त्याच्या आसपासच्या वूदाओकोऊ भागात परदेशी विद्यार्थ्यांची इतकी गर्दी आहे की चिनीचा एक शब्द न बोलता महिना निघतो. शीआनमध्ये भाजीवाल्याशी तुला चिनीतच बोलावं लागेल. त्याचा उच्चार वर्गातल्यासारखा नसेल, पण तोवर ते तुला झेपेल. हार्बिनची बोली प्रमाण चिनीच्या फार जवळची मानतात हे खरं. पण उणे वीस अंशांच्या थंडीत तुझ्या संधिवाताचं काय होईल याचा विचार करून मी ते नाव खोडलं.

म्हणजे हिशोब असा बसतो: सप्टेंबर ते फेब्रुवारी तैवान, मार्च ते जुलै शीआन. तुझा एक पर्यटन हंगाम जाईल, पण पुढच्या दिवाळीआधी तू लेण्यांत हजर असशील.

पैशांचं बोलूया. तैवानच्या शिक्षण मंत्रालयाची ह्वायू शिष्यवृत्ती फक्त भाषा शिकण्यासाठी असते, अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये मागवतात. दरमहा रक्कम मिळते, त्यातूनच फी आणि राहणं भागवायचं, विमानभाडं आपलं. २०२४पासून मुंबईतही तैवानचं कार्यालय आहे, त्यामुळे कागदपत्रांसाठी दिल्लीला खेटे घालायला नकोत. कामाला आजच लाग, कारण शाळेकडे प्रवेशाचा अर्ज केल्याचा पुरावा सोबत लागतो. चीनसाठी १८० दिवसांच्या आतल्या शिक्षणाला एक्स-२ व्हिसा, त्यापुढच्याला एक्स-१. तुझ्या एका सत्राला एक्स-२ पुरेल, तरी शाळेने पाठवलेल्या पत्रातल्या तारखा मोजून बघ.

एजंटाकडे जाऊ नकोस, वैशाली. तुला ज्याने फोन केला तो एकाच शाळेचं नाव पुन्हा पुन्हा घेतोय, हे तूच लिहिलंयस. शाळेला सरळ ईमेल कर. हे विचार: वर्ग सुरू व्हायला किमान किती विद्यार्थी लागतात, आणि तेवढे न जमल्यास वर्ग रद्द होतो की फी वाढते? पहिल्या आठवड्यात वर्ग बदलता येतो का? एकट्याचे तास साप्ताहिक पंधरा तासांत धरतात का? मध्येच परतावं लागलं तर किती पैसे परत? हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोच करू नकोस. मार्च २०२०मध्ये चीनने परदेशी लोकांसाठी दारं बंद केली आणि कितीतरी भारतीय विद्यार्थ्यांना २०२२पर्यंत परत जाता आलं नाही. ज्या शाळेचं उत्तर गोलमोल येईल, तिचं नाव काढून टाक. माझ्या ओळखीच्या एका मुलीचा वर्ग विद्यार्थी कमी म्हणून ऐनवेळी दुसऱ्या पातळीच्या वर्गात मिसळला गेला आणि तिची अख्खी टर्म वाया गेली. नियम लेखी मागितले असते तर तिला निदान भांडता आलं असतं.

राहायचं कुठे, यावर काकूंना काळजी आहे हे मला कळतं. त्यांना सांग, तैपेईत मी रात्री उशिरा एकटी घरी यायचे आणि कधी मागे वळून बघावं लागलं नाही. वसतिगृहापेक्षा स्थानिक मुलींबरोबर घरातली एक खोली घे. संध्याकाळी स्वयंपाकघरात ज्या गप्पा होतात, त्या कुठल्याही तासात मिळत नाहीत. शाकाहाराची तर अजिबात चिंता नको. तैवानमध्ये बौद्ध शाकाहारी खानावळी गल्लोगल्ली आहेत, दारावर स्वस्तिक असतं, आणि बऱ्याच ठिकाणी कांदा-लसूणही नसतो. शीआनमध्ये मात्र प्रत्येक वेळी विचारून खावं लागेल.

ह्युएन त्संगबद्दल एक खरं सांगायला हवं. वर्षभरात तू त्याचं सगळं प्रवासवर्णन वाचू शकणार नाहीस. ती जुनी भाषा बोलीपेक्षा फार वेगळी आहे. पण महाराष्ट्राचा भाग छोटा आहे. दुसऱ्या टर्मपासून आठवड्यातून एक तास खाजगी शिक्षिका लाव आणि तेवढाच उतारा घेऊन बस. एकेका वाक्यावर दिवस गेला तरी चालेल. स्थळांची आणि माणसांची संस्कृत नावं चिनी अक्षरांत कशी बसवली आहेत, हे तुला तिच्याआधी ओळखू येईल आणि ती चकित होईल.

आपल्याला या वयात जमेल का, असं तू लिहिलंस. वसंत परांजपे १९४०च्या दशकात पेकिंग विद्यापीठात शिकायला गेले तेव्हा ना ध्वनिफिती होत्या ना मोबाइलवरचे शब्दकोश. तिथे गृहयुद्ध पेटलेलं होतं. १९५४मध्ये नेहरू आणि माओ भेटले तेव्हा दुभाषे तेच होते. तुझ्याकडे दीड हजार वर्षांची चित्रं रोज परक्यांना समजावून सांगण्याचा सराव आहे, आणि आवाज तर आहेच.

आता एवढं कर. शिदाचा सप्टेंबरचा अर्ज भरून मला पाठव, मी चिनी भाग तपासून देते. मुंबईच्या कार्यालयात फोन करून शिष्यवृत्तीची यंदाची तारीख विचार. आणि सूर ऐकण्यासाठी तुझ्या आवाजात पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठव, चुकेल म्हणून लाजू नकोस. पहिल्या लेण्याबद्दल जे येतं ते बोल. तैपेईतल्या माझ्या जुन्या शिक्षिकेला मी आजच लिहिते, सप्टेंबरमध्ये तिच्याकडे एकटीच्या तासाला जागा आहे का ते विचारते.

काकूंना नमस्कार. फेब्रुवारीत संभाजीनगरला येणारच आहे, तेव्हा सगळे कागद समोर ठेवून बसू.

तुझी,
मुग्धा