‘श्वास’ आणि भाट्याचा पूल

महोदय,

२००४ साली रत्नागिरीला ‘श्वास’ पाहिला. कर्करोगाने नातवाची दृष्टी जाणार, म्हणून आजोबा (अरुण नलावडे) शस्त्रक्रियेआधी त्याला इस्पितळातून बाहेर काढून शहर दाखवतात. तिथे रुमाल भिजला, पण खरं ओझं परतीच्या एसटीत जाणवलं. शेजारी माझा मुलगा डोळे घट्ट मिटून बसला होता. ‘वारा आला, म्हणजे भाट्याचा पूल. आता चढ.’ पावसपर्यंत त्याने एकही चुकवलं नाही. शेवटी मीच खेकसलो, ‘डोळे उघड बघू!’

सुवर्णकमळ मिळवलेला, ऑस्करला गेलेला हा सिनेमा यंदा गणपतीत चाकरमानी येतील तेव्हा मंडळाने शाळेच्या पटांगणात लावावा. विनोदी नाटक दरवर्षी असतंच की!

– एक वाचक, पूर्णगड