आधी मीटर लाव, मग पाना

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "चेक इंजिनचा दिवा पेटलाय, गॅरेजवाला म्हणतो ऑक्सिजन सेन्सर गेला, बदलून टाकू." मी घाईत होतो, नुसतं हं हं केलं. पण गेल्याच महिन्यात मी हा उद्योग घरी केलाय, आणि उजव्या हाताच्या पेरांवरची सालं अजून पुरती भरलेली नाहीत. म्हणून सविस्तर लिहितोय.

हा सेन्सर एक्झॉस्टच्या धुरातला ऑक्सिजन मोजतो आणि त्यावरून गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो. तो गेला हे गॅरेजवाल्याने कशावरून ठरवलं, ते आधी विचार. दिवा नुसता पेटतो, बोलत काही नाही. बोलतो तो कोड, म्हणजे कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला मी माझा छोटा स्कॅनर लावला, तर पी०१३५ आला. म्हणजे पहिल्या बँकच्या (सिलिंडरांच्या रांगेच्या) पहिल्या सेन्सरचं हीटर सर्किट. घाईत माणूस त्यातला 'सेन्सर' तेवढा वाचतो आणि पार्ट मागवून मोकळा होतो. मीही मागवणारच होतो, पण 'हीटर' या शब्दाला अडखळलो.

सेन्सरच्या आतला झिर्कोनियाचा (हे एक सिरॅमिक) तुकडा साधारण ३०० अंश सेल्सिअसला तापल्याशिवाय कामच करत नाही, म्हणून त्याच्या पोटात हीटर ठेवलेला असतो. तो मेला की एक्झॉस्टच्या धगीने सेन्सर आपोआप तापेपर्यंत कॉम्प्युटर ठरलेल्या आकड्यांवर अंदाजपंचे पेट्रोल सोडत राहतो. गार गाडी सुरू केली की मागे पेट्रोलचा वास आणि थोडं अंतर गेलं की सगळं सुरळीत, हे कोडं मला दोन आठवडे सुटत नव्हतं. ते तिथे सुटलं.

तरी पार्ट लगेच घेतला नाही. हीटरचा फ्यूज उडाला तरी हाच कोड येऊ शकतो. फ्यूज ठीक होता. मग सेन्सरचा प्लग काढून एकाच रंगाच्या दोन तारांना (माझ्याकडे पांढऱ्या) मल्टिमीटर लावला. शाबूत हीटर काही ओहम दाखवतो. माझं मीटर ढिम्म. तार आतून तुटलेली. आता खर्च करायला मन तयार झालं.

खरं रामायण पुढे. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली, प्लग आधीच काढलेला (तो काढला नाहीस तर सेन्सर फिरताना तार पिळवटते) आणि गार इंजिनावर साधा २२ चा पाना लावून जोर केला. सेन्सर जागचा हलला नाही, पाना मात्र सटकला, हात मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या) कवचावर आपटला आणि सेन्सरच्या षटकोनाचा एक कोपरा गोल झाला. टॉर्च धरून उभी असलेली धाकटी म्हणाली, "बाबा, तुम्ही मला हे शब्द बोलू नका सांगता." हा माझा मूर्खपणा. यासाठी तारेपुरती खाच असलेला खास सॉकेट मिळतो, तो आधीच आणायला हवा होता.

रात्रभर आट्यांवर गंज सोडवणारं तेल मुरू दिलं. सकाळी जादा तेल पुसलं, बॅटरीची तार परत जोडून इंजिन दोन-चार मिनिटं चालवलं, पाइप चटका बसेल एवढा नव्हे पण चांगला कोमट झाला, जाड हातमोजे घातले आणि खाचेचा सॉकेट लावला. या वेळी धक्के न देता सारखा दाब दिला. आधी काहीच नाही. मग 'किर्रर्र' असा आवाज आला की वाटलं आटेच गेले. पण सुटला होता. पाव फेरा पुढे, थोडा मागे, परत तेल, असं करत बाहेर काढला. टोक राखाडी, कोरडं होतं. काळी काजळी दिसली असती, तर हवेच्या मानाने पेट्रोल जास्त का जातंय ते शोधावं लागलं असतं.

नवीन बसवणं मात्र सोपं. सुरुवातीचे फेरे बोटांनीच दे, तिरका बसला तर मॅनिफोल्डचे आटे जातील. आट्यांना कंपनीने पेस्ट लावलेली असते, वरून आणखी लावू नकोस, आणि टोकाला तर काहीच लागता कामा नये. सिलिकोन तर आसपासही नको, सेन्सरला ते विष आहे. हातातून पडलेला सेन्सर बसवू नकोस, आत सिरॅमिक असतं. आणि एक गंमत: सेन्सरला तुलनेसाठी बाहेरची हवा लागते, ती बऱ्याच सेन्सरांत तारांच्या आतल्या फटींतूनच पोचते. म्हणून तार कापून डाग देऊन जोडायच्या फंदात पडू नकोस, प्लगसकट येणाराच घे. घट्ट किती करायचा ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, साधारण ४० ते ५० न्यूटन-मीटर.

कोड पुसला, गाडी सुरू केली आणि स्कॅनरवर व्होल्टेज बघत बसलो. ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सारखं वरखाली, वरखाली. म्हणजे सेन्सर काम करतोय. मी ते कितीतरी वेळ बघत राहिलो.

तुझ्या कोडात पी०४२० निघाला तर मात्र थांब. तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा डबा) नीट काम करत नसल्याची तक्रार आहे, आणि ती करणारा, त्या डब्याच्या मागचा सेन्सर बहुतेक वेळा खरंच बोलत असतो. त्यालाच बदलणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. आधी एक्झॉस्टला कुठे गळती आहे का ते बघ, फटीतून आत आलेली हवा सेन्सरला फसवते. आणि मागच्या सेन्सरसाठी खाली शिरावं लागलं, तर नुसत्या जॅकच्या भरवशावर शिरू नकोस. खाली स्टँड लाव. यावर मी वाद घालणार नाही.

कोड कागदावर लिहून मला सांग. फोटो नको, तुझ्या फोटोत बोटच जास्त दिसतं. खाचेचा सॉकेट माझ्याकडे आहे, पाठवून देतो.

तुझा,
नंदू