एफएफटी शिकवता ना, मग रेडी पाडूनही बघा

माननीय संपादक, स. न.

आपल्या मराठवाड्यातल्या इंजिनिअरिंगच्या लेकरांना एफएफटी (सिग्नलमधे कुठली फ्रिक्वेन्सी किती आहे ते काढायचं गणित) म्हणजे बटरफ्लायची आकृती एवढंच माहिती असतं, पेपरात आठ पॉइंटचं गणित येतं, मार्क पडतात, विषय संपला. पण तोच एफएफटी हार्डवेअरमधे उतरवायचा म्हटलं की खरी अडचण गणितात नसतेच, डेटा कधी सोडायचा आणि कधी थांबवायचा यात असते, आणि ते कुणी शिकवतच नाही.

मी नांदेडला व्हीएलएसआय, म्हणजे चिपची रचना, शिकवतो. परवा एका ग्रुपचा 1024 पॉइंटचा प्रोजेक्ट बघितला. सिम्युलेशन एकदम क्लीन, एफपीजीए (हवं ते सर्किट भरता येणारी चिप) बोर्डवर टाकलं की स्पेक्ट्रममधला पीक, म्हणजे सगळ्यात उंच टोक, दर फ्रेमला (1024 आकड्यांच्या गठ्ठ्याला) जागा बदलतोय, आणि पोरं गुणाकार तपासत बसलेली. गणित बरोबरच होतं! 100 मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर 1024 आकडे साधारण 10 मायक्रोसेकंदात बाहेर पडतात, आणि पुढं 115200 बॉडचा यूआर्ट, म्हणजे एकेक बिट पाठवणारी संथ सिरियल लाइन, एका आकड्याचे चार बाइट धरले तर त्याला तेवढ्यालाच सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वेळ लागतो. मधली फायफो, म्हणजे आकडे रांगेत थांबायची जागा, भरली, ‘घ्यायला तयार’ सांगणारा रेडी सिग्नल खाली गेला, तरी ह्यांचा ब्लॉक ओततच राहिला. खालच्या चारीचं गेट बंद करून वर कालव्यावर कुणाला सांगितलंच नाही तर जे होतं तेच झालं. आकडे सांडले, वाचणारा प्रोग्राम आपला 1024 मोजून फ्रेम बंद करणारा, फ्रेमचा शेवटचा आकडा कुठला ते सांगणारा लास्टचा सिग्नल बघतच नाही, मग पुढच्या फ्रेमचे आकडे ह्या फ्रेममधे.

व्हॅलिड (देणाऱ्याचा ‘आकडा तयार आहे’ हा सिग्नल) आणि रेडी दोन्ही 1 असतील त्याच क्लॉकला आकडा गेला असं धरायचं. व्हॅलिड वर केला की रेडी येईपर्यंत आकडा हलवायचा नाही, अॅड्रेसचा काउंटरसुद्धा नाही. फायफो काठोकाठ भरायची वाट बघू नका, पाइपलाइनमधे निघालेले आकडे असतात, त्यांची जागा राखून आधीच थांबा. इनपुटला एडीसी (सिग्नलचे आकडे करणारी चिप) असेल तर त्याला थांब म्हणता येत नाही, मग सोडायचीच वेळ आली तर अख्खी फ्रेम सोडा, अर्धी नको.

विद्यापीठांना माझी कळकळीची विनंती आहे, प्रॅक्टिकल परीक्षेत टेस्टबेंचमधला (डिझाइन तपासायच्या कोडमधला) रेडी कायम 1 ठेवू देऊ नका. तोच डेटा दोनदा चालवा, एकदा रेडी सतत वर, एकदा रँडम वरखाली, दोन्ही आउटपुट आकड्याला आकडा जुळले आणि लास्ट 1024 व्या आकड्यावरच आला तरच पास. बोर्ड नसलेल्या कॉलेजातही हे होतं, व्हेरिलेटर हा सिम्युलेटर फुकट मिळतो, साधा लॅपटॉप पुरतो.

– एक प्राध्यापक, नांदेड